घोटा, पेला आणि यजमान

पुण्यात खराडीला राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या डिसेंबरात फोन केला. "मावशी, एकतीस तारखेला दहा-बारा जण येतायत घरी. या वेळी दारू ठेवायची नाही असं ठरवलंय. त्याऐवजी भांगेची थंडाई केली तर?" तिच्या ऑफिसातला एक मित्र अमेरिकेत मिनेसोटात दोन वर्षं राहून आला होता. तिथे घरगुती पार्टीत बिअरच्या डब्यांशेजारी गांजाच्या अर्काचे, फसफसणाऱ्या सरबताचे डबे ठेवलेले असतात, ज्याला दारू नको तो ते उचलतो, असं त्याने सांगितलं होतं. आपल्याकडे तर हे शेकडो वर्षं चालत आलंय, मग संकोच कसला, असा तिचा सरळ प्रश्न होता.

मी तिला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. दारू नको हा तिचा विचार मला मनापासून आवडला होता. पण भांगेची थंडाई म्हटलं की मला माझी आत्या आठवते. तिची हकिगत पुढे येईलच. आधी भाचीसाठी मी जे वाचलं, विचारलं, पडताळलं, ते सांगते.

झाड एकच. त्याची पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यातून निघणारा चिकट राळेसारखा द्रव म्हणजे चरस. नशा आणणारं मुख्य द्रव्य, टीएचसी, तिन्हींत असतं. पानांत सर्वांत कमी, चरसात सर्वांत जास्त. वैद्यकात या वनस्पतीला 'विजया' म्हणतात. बोलीभाषेचा मात्र तिच्यावर फारसा विश्वास नाही. चांगल्या घरात वाईट निपजलं की आपण 'तुळशीत भांग' म्हणतो. मराठी घरातल्या महाशिवरात्रीच्या ताटात रताळी, साबुदाणा, कवठाची चटणी असते, भांग सहसा नसते. बनारस, मथुरा, राजस्थान इकडे ती जशी घरोघरची, तशी ती आपल्याकडे कधी झाली नाही. तरी भांगेच्या पेयाला 'घोटा' असा खास शब्द मराठीत आहे, म्हणजे ओळख जुनीच.

किती जुनी, याचा एक सुंदर पुरावा गोव्यात छापला गेला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, शहाला तो औषधं देत असे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात एक संवाद भांगेवर आहे. पानांच्या चुऱ्यात लोक सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर काय काय घालतात ते त्याने नोंदवलं आहे. गुजरातच्या बहादूरशहाने मार्तिम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराला सांगितलेली गोष्टही त्यात येते: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण फिरून यावंसं वाटलं, की आपण थोडीशी भांग घेतो. ओर्ताने स्वतः ती चाखली नव्हती. त्याच्या नोकरांनी मात्र त्याला न सांगता घेतली होती, आणि घेतल्यावर कामाचा शीण वाटत नाही, आनंद होतो आणि खा-खा सुटते असं त्यांनी त्याला सांगितलं. आजचा डॉक्टरही हीच लक्षणं सांगेल.

पुढचा मोठा दस्तऐवज १८९४ चा. बंगालमधल्या गांजाबद्दल ब्रिटिश संसदेत १८९३ मध्ये प्रश्न विचारला गेला आणि सात सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदीही त्याने उलटून पाहिल्या आणि 'गांजामुळे वेड' असा शेरा कित्येक ठिकाणी पुरेशा चौकशीविना मारलेला आढळला. बेताने घेतलेल्या भांगेपासून जवळपास अपाय होत नाही, अतिरेक घातक, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या अहवालाला जोडलेलं एक टिपण मला विशेष वाटतं, ते हिंदू धर्मजीवनातल्या भांगेच्या स्थानावर आहे. ते लिहिणारे जे. एम. कॅम्पबेल म्हणजे 'बॉम्बे गॅझेटियर'चे संपादक. पुणे जिल्ह्याच्या इतिहासासाठी आपण अजूनही ज्या १८८५ च्या खंडांकडे धाव घेतो, ते त्यांचेच. महसूल खात्यातल्या या साहेबाने शंकराच्या भक्तांना भांग का पवित्र वाटते हे फार आस्थेने मांडलं आहे.

इथवर ऐकून भाची म्हणाली, "मग झालंच की!" पण झालं नव्हतं. मधे कायदा उभा आहे, आणि तो लोक समजतात तसा नाही.

'भांग भारतात कायदेशीर आहे' हे वाक्य अर्धं खरं आहे. १९८५ च्या केंद्रीय अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या करताना, शेंडे सोबत नसलेली पानं आणि बिया वगळल्या आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही ही सूट होती. म्हणून भांगेचं काय करायचं हे राज्यांवर राहिलं. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात अबकारी खात्याच्या परवान्याची भांगेची दुकानं आहेत. जैसलमेरच्या किल्ल्याजवळचं दुकान तर पर्यटकांच्या यादीत असतं. महाराष्ट्राचा रस्ता वेगळा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि त्याने दारूबरोबर भांगही कवेत घेतली. त्याच्या कलम ६६ नुसार परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं आणि सेवन करणं हा गुन्हा आहे. नाव बदलून आज तो महाराष्ट्राचा कायदा झाला आहे आणि लागू आहे. दारू पिण्यासाठी याच कायद्याखाली एक दिवसाचा परवाना काही रुपयांत मिळतो. पार्टी देणाऱ्या घराला भांगेसाठी तशी सोपी सोय नाही. बनारसच्या सरकारमान्य दुकानातून आणलेली गोळीसुद्धा पुणे स्टेशनवर उतरली की महाराष्ट्राच्याच कायद्यात येते.

आणखी एक बारकावा आहे, तो जास्त गंभीर. वाटलेल्या गोळ्यात नुसती पानं आहेत की फुलोराही चुरडला गेलाय, हे विकत घेणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. फुलोरा निघाला तर तो गांजा ठरतो आणि प्रकरण केंद्रीय कायद्यात जातं. तिथल्या शिक्षा फार कडक आहेत. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने भांग केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बसत नाही असं सांगून एका आरोपीला जामीन दिला. पण त्याआधी त्याला तुरुंग पाहावा लागला, हे विसरून चालणार नाही. बियांचं मात्र वेगळं. त्यांत नशा नाही. कुमाऊँत त्यांची चटणी रोजच्या जेवणात असते आणि २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्या खाद्य म्हणून मान्य केल्या आहेत.

कायदा बाजूला ठेवून आता शरीराकडे येते, कारण अमेरिकेतल्या एडिसनमधल्या किंवा कॅनडातल्या टोरोंटोतल्या मराठी घरांना कायद्याची अडचण नाही आणि त्यांनाही हे कळायला हवं.

दारू पोटात गेली की काही मिनिटांत अंगात पसरते. पिणाऱ्याला आपण कुठवर आलोय ते साधारण उमगत राहतं. भांग तशी नाही. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून तर आपल्याकडे ती साजूक तूप, म्हशीचं दूध, बदाम यांच्या संगतीने घेतली जाते. आतड्यातून ती यकृतात जाते आणि तिथे तिचं आणखी जोरकस द्रव्य तयार होतं. या प्रवासाला अर्धा तास ते दोन तास लागतात. पोट भरलेलं असेल तर जास्तच. त्यानंतर असर सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक टिकतो. मधल्या त्या दीड तासातच सगळा घोटाळा होतो. माणूस म्हणतो, काहीच होत नाहीये, अजून एक दे. मग दोन्ही पेले एकदम चढतात. काळ थांबल्यासारखा वाटतो, छाती धडधडते, आपण मरतोय किंवा वेडे होतोय अशी खात्रीच पटते. वर दारू घेतली असेल तर रक्तातलं टीएचसी आणखी वाढतं.

परदेशातल्या डब्यांनी या प्रश्नावर दोन उपाय काढले. एक, टीएचसीचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात मिसळायचे, म्हणजे असर पंधरा-वीस मिनिटांत कळू लागतो. दोन, मात्रा छापायची. कॅनडात ऑक्टोबर २०१९ पासून अशी पेयं विकता येतात आणि एका डब्यात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी चालतं. मिनेसोटाने जुलै २०२२ पासून एका वेळच्या मात्रेला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या घोट्यात किती असतं? पान कुठलं, किती वाटलं, पेला वरचा की तळाचा, यावर सगळं अवलंबून. तळाशी गाळ बसतो, म्हणून एकाच पातेल्यातले दोन पेले सारखे नसतात.

तरी जुन्या घोट्याच्या बैठकीत एक शहाणपण होतं असं मला वाटतं. पानं निवडायची, धुवायची, पाट्यावर तासभर घोटायची, फडक्यातून गाळायची. एवढे कष्ट असले की पेला आपोआप मोजका होतो. घोटणारा जाणता असे. कोण नवखा, कोण अशक्त, कोणाला घोटभरच द्यायचं, हे तो बघे. आपण त्या बैठकीतला पेला उचलला आणि तो जाणता माणूस मागेच ठेवला. दारूच्या पार्टीची सवय अशी, की टेबलावर मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने घ्यायचं. ही सवय भांगेला लावणं मला धोक्याचं वाटतं.

आता आत्या. मी तेव्हा शाळेत होते, सदाशिव पेठेतल्या वाड्यात रंगपंचमी चालली होती. मागच्या चौकात मुलांनी थंडाई केली होती आणि गंमत म्हणून तिच्यात भांग होती. आत्याला कुणी सांगितलं नाही. उन्हातून आलेली, तिने दोन पेले घटाघटा घेतले. तासाभराने पोळ्या लाटताना ती हसायला लागली, मग हसणं थांबेना, मग लाटणं टाकून आपल्या हातांकडे बघत बसली. हे हात माझे नाहीत, म्हणाली. रात्रभर ती माझ्या आईचा पदर धरून बसली होती. आपल्याला वेड लागलंय आणि आता हे असंच राहणार, अशी तिची समजूत झाली होती. डॉक्टर आले, त्यांनाही काही कळेना, कारण मुलं घाबरून गप्प होती. सकाळी असर उतरला. पण पुढे कित्येक महिने ती रात्री एकटी झोपत नसे. 'भांग आहे, सकाळपर्यंत उतरेल' एवढं एक वाक्य त्या रात्री कुणी बोललं असतं तर तिची भीती निम्मी झाली असती. न सांगता पाजण्याला आपण अजूनही होळीची मस्करी म्हणतो. माझ्या लेखी तो दुसऱ्याच्या शरीरावर केलेला हल्ला आहे.

म्हणून जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या यजमानांनाही माझं सांगणं असतं: नशेचं आणि बिननशेचं पेय वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या टेबलावर ठेवा आणि वर ठळक लिहा. घरात लहान मुलं असतील तर नशेचं पेय घरात ठेवूच नका. मुलांमध्ये बेशुद्धी आणि श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. गरोदर बाई, हृदयविकार असलेला माणूस, ज्याच्या घराण्यात मनोविकार आहे असा तरुण, यांच्यासाठी ते नाहीच. आणि कुणीही गाडी चालवत घरी जायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूइतकंच इतर नशेलाही लागू आहे. नाक्यावरचं श्वास तपासायचं यंत्र भांग पकडत नाही, म्हणून चालवणाऱ्याचा हात स्थिर होत नाही. दुचाकींच्या या शहरात मला याचीच सर्वांत धास्ती वाटते.

दारूच्या तुलनेत भांग सौम्य आहे का, असंही भाचीने विचारलं. २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पिणारे निघाले आणि वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २ कोटी. दारूने मोडलेले संसार आपण सगळ्यांनीच जवळून पाहिले आहेत. भांगेच्या अतिमात्रेने थेट मृत्यू होणं फार दुर्मिळ, हेही खरं. म्हणूनच तिचा मूळ विचार, दारू नको, मला इतका मोलाचा वाटला. फक्त दारूची जागा कुठल्यातरी नशेनेच भरली पाहिजे, हे मला पटेना.

शेवटी तिने थंडाईच केली, भांगेशिवाय. आम्ही दोघी रविवार पेठेत गेलो. मगज, बडीशेप, खसखस, बदाम, पांढरी मिरी, वेलदोडे, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या. रात्रभर भिजवलं आणि सकाळी पाट्यावर वाटलं, मिक्सर मुद्दाम टाळला. मिरीचा झणका आणि केशराचा वास दुधात उतरला, तेव्हा तिच्या मित्रांपैकी दोघांनी "यात काही आहे का?" असं विचारलंच. कुणी मस्तानीचा आग्रह धरला म्हणून आंब्याचा साठवलेला रस बाहेर निघाला. बारा वाजून गेले तरी गाणी चालू होती.

आत्याही त्या रात्री तिथे होती, आता ऐंशीच्या पुढची. भाचीने पेला पुढे केला तेव्हा तिने तो नुसता हातात धरला आणि वर बघितलं. भाची तिच्यासमोर खाली बसली आणि एकेक जिन्नस सांगत गेली. खसखशीपाशी आत्याने थांबवलं, किती घातली ते विचारलं, उत्तर ऐकून मान हलवली आणि मग पेला ओठांना लावला.