वेटोळे आणि ऊर्जेचा जमाखर्च

मायकेल फॅराडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी ज्या सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर आपला विख्यात प्रयोग केला, त्यावरील तांब्याच्या दोन वेटोळ्यांचा परस्परांशी धातूचा काडीमात्र संबंध नव्हता; जो काही संबंध होता तो लोखंडातून जाणाऱ्या चुंबकीय स्रोताच्या द्वारे. तारेत विद्युत् मंडलाचा अंमल, गाभ्यात चुंबकीय मंडलाचा, आणि दोहोंच्या सरहद्दीवर वेटोळे, अशी ही व्यवस्था आहे. तिचे गणित कागदावर कसे मांडावे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळला.

जॉन व एडवर्ड हॉपकिन्सन या बंधूंनी १८८६ साली डायनॅमोचे गणित मांडताना चुंबकीय स्रोताला विद्युत् प्रवाहाच्या आणि गाभ्याच्या विरोधाला रोधाच्या जागी बसविले. यंत्रास किती वेढे लागतील हे काढण्यास ही रीत आजही उत्तम. परंतु ऊर्जेच्या जमाखर्चात ती साफ चुकते. विद्युत् रोध ऊर्जेची उष्णता करून ती खर्ची टाकतो; गाभ्यातील हवेची फट तीच ऊर्जा ठेव म्हणून सांभाळते आणि मागताच परत करते. खर्चाच्या खात्यात ठेव लिहिणाऱ्या कारकुनाला कोणता मामलेदार क्षमा करील?

यावरचा तोडगा असा, की प्रवाहाच्या जागी स्रोत न घेता स्रोताच्या बदलाचा वेग घ्यावा. मग चुंबकीय चालक बल आणि हा वेग यांचा गुणाकार खरोखरच शक्ती देतो आणि फट धारित्र ठरते. वेटोळे मात्र रोहित्रासारखे दाबाचा दाब व प्रवाहाचा प्रवाह करीत नाही; ते प्रवाहाचे चालक बल करते आणि स्रोताच्या वेगाचा दाब. अशी अदलाबदल करणारा घटक, जायरेटर, टेलेगेन यांनी १९४८ साली वर्णिला होता. डेव्हिड हॅमिल यांनी १९९३ साली तो धारित्रांशी जोडून ही पद्धत साद्यंत मांडली.

एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राची, एक मिलिमीटर रुंदीची फट घेऊन गाभ्याचा विरोध नगण्य मानला, तर १०० वेढ्यांचे प्रवर्तकत्व सुमारे १.२६ मिलिहेन्री भरते. वेढे दुप्पट केले की ते चौपट होते, कारण वेढ्यांची संख्या एकदा चालक बल निर्माण होताना गुणिली जाते आणि दुसऱ्यांदा दाब परतताना; विद्यार्थी जो वर्ग निमूटपणे पाठ करतात, तो येथे डोळ्यांना दिसतो.

गाभ्याबाहेर निसटणाऱ्या स्रोतासाठी निराळे धारित्र आणि लोखंडातील तापासाठी खराखुरा रोध जोडला की तीन खांबांच्या गाभ्याचाही नकाशा जसाच्या तसा उतरतो. लोखंड संपृक्त होऊ लागले, की धारित्राचे मूल्य स्रोताबरोबर घटत जाते. ते किती घटावे हे लोखंडाच्या प्रत्यक्ष मोजमापावरूनच ठरवावे लागते.