संगणक सुरू होण्यास लागणारा विलंब आणि वापरात नसलेला नेटवर्क-पोर्ट

तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. शिक्षक संगणकाची कळ दाबतात, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावू लागतात आणि एका ओळीपाशी सारे थबकते. नेटवर्क इंटरफेस उभे करण्याचे काम चालू आहे, अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ असते. तिच्यापुढे सेकंद मोजले जातात आणि मर्यादा पाच मिनिटांची दाखविलेली असते. मुले चुळबुळ करू लागतात. यंत्र बिघडले अशा समजुतीने पुष्कळदा कळ दाबून धरून ते मध्येच बंद केले जाते. खरी हानी संभवते ती येथेच. डिस्कवरील लिखाण अर्धवट राहून फायली खराब होऊ शकतात. मूळचा विलंब हा मात्र बिघाड नव्हे.

डेबियन या लिनक्स-प्रकारात नेटवर्कची व्यवस्था एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली असू शकते. 'इटीसी' या फोल्डरातील 'नेटवर्क' फोल्डरात 'इंटरफेसेस' नावाची ती फाइल असते. तीत एखाद्या पोर्टच्या नावापूर्वी 'ऑटो' हा शब्द असला, म्हणजे यंत्र सुरू होताना तो पोर्ट उभा केलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. प्रणाली बसविली त्या वेळी केबल जोडलेली असेल. पुढे शाळेचे काम मोबाइलच्या बिनतारी जोडणीवर चालू लागले आणि केबल कायमची निघाली. यंत्राला हे कोणी सांगितलेले नसते. ते रोज सकाळी त्या पोर्टवरून आपला पत्ता मागते, उत्तर येत नाही, म्हणून पुन्हा मागते. पत्र पेटीत न टाकताच पोस्टमनची वाट पाहावी, तसा हा प्रकार होय.

प्रथम विलंब याच कारणाने होतो की नाही, याची खात्री करून घ्यावी. (येथे देवनागरीत छापलेले आदेश टंकताना रोमन लहान अक्षरांत टंकावेत.) 'सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम' या आदेशाने कोणत्या कामास किती वेळ लागला, याची यादी मिळते. तीत 'नेटवर्किंग' सेवा वरच्या बाजूस आढळल्यास 'आयपी लिंक' हा आदेश द्यावा. पोर्टांची नावे दिसतात. 'ईएनपी३एस०' यासारखे नाव पाहून बिचकण्याचे कारण नाही. 'ईएन' म्हणजे तारेचा इथरनेट पोर्ट, पुढील अंक त्याची यंत्रातील जागा सांगतात. 'डब्ल्यूएल'ने आरंभ होणारे नाव बिनतारी कार्डाचे असते. ज्याच्यापुढे 'नो-कॅरिअर' लिहिलेले असेल, त्या पोर्टास केबल नाही असे समजावे.

यानंतर 'इंटरफेसेस' फायलीची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून मूळ फाइल व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावी आणि त्या पोर्टच्या 'ऑटो' ओळीच्या आरंभी # हे चिन्ह घालावे. ओळ खोडू नये. चिन्हामुळे ती केवळ निरुपयोगी होते. 'एलओ' या नावाच्या ओळींना मात्र हात लावू नये. तो यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा मार्ग आहे, व अनेक कार्यक्रम त्यावर अवलंबून असतात.

काहीजण 'ऑटो'ऐवजी 'अलाव-हॉटप्लग' लिहितात. केबल लावल्यावरच पोर्ट सुरू होईल, अशी त्यामागील समजूत असते. ती बरोबर नाही. कार्ड यंत्रास दिसताच पोर्ट उभा करावा, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. आणि आत बसविलेले कार्ड यंत्रास नेहमीच दिसते.

उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत हीच व्यवस्था 'नेटप्लॅन'च्या फायलीत असते व प्रतीक्षा दोन मिनिटांची असते. तेथे त्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' ही ओळ, पुढील मोकळ्या जागा वरच्या ओळींशी जुळवून, लिहावी. वाट पाहणारी सेवाच समूळ बंद करण्याचा सल्लाही ऐकू येतो. परंतु दुसऱ्या यंत्रावरील सामाईक फोल्डर जोडून घेणारी कामे तिच्यावर विसंबून असतात, म्हणून तो मार्ग टाळलेला बरा. नेटवर्कमॅनेजर जेथे पोर्ट सांभाळतो, तेथे जोडणीच्या खिडकीतील 'आपोआप जोडावे' ही खूण काढणे पुरेसे होते.

पुढे कधी केबल लावण्याचा प्रसंग आला, तर डेबियनच्या यंत्रावर 'सुडो इफअप' लिहून त्यापुढे पोर्टचे नाव द्यावे; त्या दिवसापुरता पोर्ट सुरू होतो. 'आयफेस'ने आरंभ होणारी ओळ तशीच राहू दिली असेल, तरच हे साधते.