हातचं कसब : भाग ४
बोअरच्या पाण्याला चालणारा साबण

शिरूरमध्ये बोअरच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्या घरातली बादली आतून पाहा. कडेला पांढरट, चिकट थर धरलेला असतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण. त्यातून मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येतं. साबण आधी या क्षारांशी जुळतो, त्याचा साका होतो, आणि उरेल तेवढाच फेसाच्या कामी येतो. म्हणून घरी पहिला साबण करायचा तर कुठली तरी ऐकीव कृती उचलू नका. आपलं पाणी पाहून तेल निवडा.

आपल्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल सहज मिळतं, त्यामुळे पहिला हात त्याच्याकडेच जातो. पण नुसत्या शेंगदाणा तेलाची वडी मऊ राहते आणि फेस बेताचाच. खोबरेलाचं उलट. वडी टणक होते आणि क्षाराच्या पाण्यातही फेस येतो. समुद्राच्या पाण्यात अंग धुणाऱ्या खलाशांसाठी खोबरेलाचाच साबण करत. मात्र नुसतं खोबरेल कातडी कोरडी पाडतं, आणि आपल्या हिवाळ्यात आधीच टाचा फुटलेल्या असतात. तेव्हा मिसळ करू : खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. एरंडेलाने फेस टिकतो. करंजाचं तेलही साबणाला चालतं, पण वास उग्र. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता सोडा. दुकानात नुसता ‘सोडा द्या’ म्हणू नका. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा. आपल्याला हवा तो कॉस्टिक सोडा, तोही शुद्ध. मोरी तुंबल्यावर टाकायच्या पुडीत इतरही काही मिसळलेलं असतं, ती नको. प्रत्येक तेलाला सोडा किती लागतो ते ठरलेलं आहे : ग्रॅमला खोबरेल सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेल ०.१३६, एरंडेल ०.१२८. आपल्या मापाला हिशेब जवळपास ८२ ग्रॅमचा येतो. आपण ७५ ग्रॅमच घेणार, म्हणजे थोडं तेल सोड्याविना उरतं आणि कातडीला सांभाळतं. पाणी १५० ग्रॅम, तेही बोअरचं नको; फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड घ्या. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. सोडा, पाणी, तेल, सगळं काट्यावर.

सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. पाणी ओतलं तर उकळी फुटून अंगावर उडतं. हे काम ओट्यावर नको, अंगणात किंवा गच्चीवर करा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे; पोरंबाळं आणि मांजर लांब. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो आणि पेट घेणारा वायू सोडतो. द्रावण आपोआप चटका बसेल इतकं तापतं, वाफ नाकात जाऊ देऊ नका. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा, व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेला तर पाण्याने धुऊन तडक दवाखाना.

तेल आणि द्रावण दोन्ही कोमट, साधारण ४० अंशांवर आलं की द्रावण तेलात बारीक धारेने सोडा आणि ढवळा. हँड ब्लेंडर असेल तर काही मिनिटांचं काम. रवीने हात भरून येतात, पण होतं. मिश्रण दाट होतं, आणि पळीतून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. ही रेघ दिसली की थांबा. बटर पेपर लावलेल्या दुधाच्या खोक्यात ओता. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापा आणि सावलीत, हवेशीर, एकमेकींना न चिकटता ठेवा. सोड्याचं काम पहिल्या काही दिवसांतच बहुतेक संपतं, पण पाणी उडून वडी टणक व्हायला ४ ते ६ आठवडे जातात. वर पांढरी पूड धरली तर ती खरवडून काढा. आतून पाण्याचे कप्पे निघाले तर मात्र ती खेप अंगाला लावू नका.

आपल्याकडे हे काम नवं नाही. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम चाललं. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल आणि साबण हा गावातला उद्योग म्हणून धरला. बचत गटातल्या बायका विक्रीचं विचारतात, त्यांना एकच सांगणं : अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरच्या मोरीपुरता केलात तर प्रश्न नाही.

पुढच्या आठवड्यात हळद, कडुनिंब आणि सुगंधाचं पाहू. तोवर एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा मिळवून ठेवा. तो नसेल तर सोडा आणूच नका.