बावखलाकाठची वसई

मुंबईच्या माणसाला वसई माहीत असते ती किल्ल्यामुळे आणि विरार लोकलच्या गर्दीमुळे. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने जरा आत गेलं की इमारती विरळ होतात, रस्ता आक्रसतो आणि दोन्ही अंगांना केळी, माड, चाफा लागतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. उत्तरेला अर्नाळ्यापासून दक्षिणेला किल्ल्यापर्यंत समुद्राला बिलगून ही हिरवी पट्टी आहे. आगाशी, नंदाखाल, वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज ही तिच्यातली गावं. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे लागतं हे इथे जन्मलेल्या मलाही नेमकं सांगता येत नाही, कारण वाडीला वाडी खेटून आहे.

आमच्याबद्दल लिहिणारे किल्ल्यापासून सुरुवात करतात. मी बावखलापासून करतो.

बावखल म्हणजे वाडीत खणलेला मोठा, उघडा खड्डा. ना कठडा, ना दगडी बांधकाम. मातीचे उतरते काठ, काठावर माड आणि सावली देणारी चार झाडं, त्यामुळे उन्हाळ्यातही पाण्याची वाफ कमी होते. पावसात ते तुडुंब भरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझरून पाणी देतं आणि पुढे वाडी शिंपायला उपयोगी पडतं. आमची जमीन वाळूमिश्रित. पावसाचं पाणी तिच्यातून मुरतं आणि समुद्राकडून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. वरच्या वर, बेताने उपसलं तर ते वर्ष काढतं. खोल बोअर मारून ओढलं की खालचं खारं वर येतं आणि मग सहजी मागे हटत नाही. हे आजोबांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. रहाटच इतका संथ होता की हावरटपणा करायची सोयच नव्हती.

रहाट मी पाहिलाय. डोळ्यांना ढापणं लावलेला रेडा गोल फिरायचा, माळेतले डबे खडखडत वर यायचे, पन्हळीत रिते व्हायचे आणि पाणी पाटाने केळीच्या आळ्यांकडे निघायचं. पोरांचं काम रेड्यामागे चालण्याचं. कंटाळवाणं काम, त्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी एकदा तरी भर उन्हात ते करून बघावं. बावखल तीन भावांत असलं की वार वाटून घेतलेले असत. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी पाण्याची पाळी कुणी मोडत नसे.

या पाण्यावर कोण कोण जगलं? आम्ही सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात. आमच्या शेजारी सामवेदी ब्राह्मण. त्यांच्या आणि आमच्या घरातली कादोडी बोली एकच. वाडवळ हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. किनाऱ्यावर कोळी, ताडामाडांशी नातं सांगणारे भंडारी, आणि वाड्यांतल्या कष्टाच्या कामाला पूर्वेच्या डोंगरांकडून आलेले आदिवासी. या शेवटच्या मंडळींचा उल्लेख वसईच्या कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. बावखलं खणायला आणि गाळ उपसायला त्यांचेही हात होते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुस्तकांतून भरपूर आहे. शेजारचं सोपारा हे प्राचीन बंदर. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आणि 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले आणि आडनावं डाबरे, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज अशी झाली. जपानमध्ये नागासाकीला 1597 साली क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला आजही त्या दाखवतात. 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही इथेच. राज्यं बदलली तरी केळीला पाणी घालायची वेळ बदलली नाही. लुगडं, लग्नातली गाणी, घरातली बोली हेही पोर्तुगीजांच्या हाती पूर्णपणे लागलं नाही.

निर्मळच्या शंकराचार्यांच्या मंदिराची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते. ती आम्हा ख्रिस्ती पोरांचीही जत्रा होती. घरून पैसे मिळत, वर बजावलं जाई की पाळण्यात बसा पण अंधाराच्या आत परत या.

आमचं खरं अर्थकारण रेल्वेने घडवलं. विरारहून मुंबईला पहिली लोकल 1867 साली सुटली, 1936 मध्ये विरारपर्यंत वीज आली. पानवेलीची पानं आणि केळी गाडीने दूरवर जात. भाजीच्या पाट्या घेऊन बायका पहाटेच्या गाडीने दादर, मालाड, बोरिवली गाठत. पुरुष बँकेत, रेल्वेत, कचेरीत लागले, पण वाडी सुटली नाही. मीही चर्चगेटला खुर्चीत बसून नोकरी केली आणि सकाळी गाडी पकडण्याआधी जास्वंदीच्या कळ्या खुडल्या. या कळ्या आणि सोनचाफा दादरच्या बाजारात जातो, तिथून गणपतीच्या पायाशी. ख्रिस्ती वाडीतलं फूल सिद्धिविनायकाला चालतं, यात इथे कुणाला नवल वाटत नाही, पत्रकारांना वाटतं.

सुकेळीबद्दल दोन शब्द हवेतच. राजेळी केळी पुरती पिकू द्यायची, सोलायची आणि मांडवावर उन्हात घालायची. रोज संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची, उलटायची. आठवडाभराने ती आखडून मधासारखी तांबूस होतात, मग केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. आजी एक पुडी सोडून बोटाने दाबून बघायची. बोटाला ओल लागली तर अख्खी रास पुन्हा उन्हात. आभाळ भरून आलं की घरातलं प्रत्येक माणूस मांडवाकडे पळायचं. साखरेचा दाणा न घालता एवढी गोडी येते, पण मेहनत मोजली तर परवडत नाही. म्हणून करणारी घरं कमी होत चालली.

शहर आलं ते आमच्या पाण्याच्या वाटेनेच. रेल्वेला लागून इमारती उठल्या, त्यांना नळ नव्हते, मग वाड्यांतल्या विहिरींतून टँकर भरू लागले. आमच्यातल्याच काहींनी टँकरवाल्यांना पाणी विकलं, हेही लिहिलं पाहिजे. केळी लावण्यापेक्षा मोटर चालू करणं सोपं होतं. 1988 मध्ये हरित पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचा सरकारी निर्णय आला आणि 1989 मध्ये हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन पेटलं. पुढे होते नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, नंतर 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2024 साली ते गेले. आंदोलनाने सगळं वाचवलं नाही, पण पश्चिम पट्टीत आज जी केळ दिसते तिच्यात त्या लढ्याचा वाटा मोठा आहे.

2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर होती. गावं महापालिकेत नकोत म्हणून मोर्चे निघाले. 29 गावं वगळण्याचा आदेश निघाला, तो कोर्टात अडकला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. आमची ग्रामपंचायत काही आदर्श नव्हती. पण कुणाचं बावखल कुठे आहे आणि ओढा कुठून वाहतो, हे सरपंचाला नकाशा न उघडता ठाऊक असायचं.

जुलै 2018 मध्ये वसई कित्येक दिवस पाण्यात होती. लोकल बंद पडल्या, मिठागरांतली माणसं अडकली. भरावाने बुजलेले ओढे आणि खड्डे तेव्हा सगळ्यांना आठवले. बावखल बुजवणं सोपं असतं: डेब्रिजच्या काही गाड्या रात्री रिकाम्या केल्या की सकाळी सपाट प्लॉट. पावसाचं पाणी मात्र जुन्या सवयीने तिथेच येतं आणि मग शेजारच्या ओसरीवर चढतं. अलीकडे काही तरुण बावखलं शोधून त्यांची नोंद करतात, गाळ काढतात. पदरचे पैसे घालून करतात, म्हणून टिकेल किती याची मला धास्ती आहे.

आमचं बावखल तिघांच्या नावावर आहे. एका चुलतभावाला ते भरून गाड्या लावायला जागा हवी आहे, दुसरा परदेशात असतो आणि फोनवर दोघांनाही हो म्हणतो. मी सही देत नाही. कागद तसाच पडून आहे आणि मोटरची पाळी मंगळवारी व शुक्रवारी माझी आहे.