आपल्या भाषेतलं रोजचं वर्तमानपत्र

आज आम्ही तुम्हाला कॅनडा देशातली गोष्ट सांगणार आहोत. देश लांबचा, पण गोष्ट शाळेची, बोलीची आणि बायांच्या एकीची आहे.

कॅनडाचा कारभार इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत चालतो. शिवाय तिथल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी भाषा आहेत. क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे जास्त. शेजारच्या ऑन्टारिओ प्रांतात मात्र इंग्रजी बोलणारे जास्त आणि फ्रेंचवाले थोडे. राजधानी ओटावा याच ऑन्टारिओत येते.

1912 साली ऑन्टारिओ सरकारने 'नियम 17' काढला. पहिली दोन वर्षं झाली, की पुढे मुलांना फ्रेंचमधून शिकवायचं नाही, असा तो नियम. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, मग लेकरू गोंधळणारच. फ्रेंच लोक चिडले. पण त्यांची बाजू रोजच्या रोज मांडणार कोण? म्हणून 27 मार्च 1913 रोजी ओटावात 'ल द्रवा' हे फ्रेंच दैनिक सुरू झालं. नावाचा अर्थच 'हक्क'. ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्यात पुढाकार घेतला होता.

लढा नुसता कागदावर राहिला नाही. ओटावातल्या गीग शाळेत दियान आणि बेआत्रिस देलोज या दोघी बहिणी शिक्षिका होत्या. त्यांनी नियम मानला नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढलं. त्या दुसऱ्या जागी मुलांना शिकवत राहिल्या. जानेवारी 1916 मध्ये मुलांच्या आयांनी या दोघींना परत शाळेत नेलं आणि दारावर पहारा दिला. हातात काय, तर कात्र्या, लाटणी आणि टोपी केसांत अडकवायच्या लांब पिना! पोलीस आले, तरी बाया हटल्या नाहीत. शेवटी 1927 साली सरकारने नियम सैल केला.

आता पुढचं ऐका. वर्तमानपत्राची किंमत आपण देतो, पण तेवढ्यावर ते चालत नाही. बराचसा खर्च जाहिरातींतून निघतो. गेल्या काही वर्षांत जाहिराती गूगल आणि फेसबुककडे वळल्या. थोड्या वाचकांच्या भाषेतल्या पेपरला त्याचा फटका लवकर बसतो. ऑगस्ट 2019 मध्ये 'ल द्रवा' धरून सहा फ्रेंच दैनिकं चालवणारी कंपनी बुडाली.

तेव्हा तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ही सहाही दैनिकं स्वतः चालवायला घेतली. मालक म्हणजे सभासद, अगदी आपल्या गटासारखं. वाचकांनीही हातभार लावला. हे फुकटात झालं नाही. निवृत्त कामगारांच्या पेन्शनला मोठी कात्री लागली. 2023 च्या अखेरीस कागदावरची छपाईही थांबली. आता ही पत्रं मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर वाचली जातात. म्हणजे सहकार केला की सगळं सोपं होतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण दार बंद झालं नाही, हे खरं.

मैत्रिणींनो, गावाची बातमी गावाच्या भाषेत आली, तरच ती आपल्याला कळते. पाणीपुरवठ्याचा ठराव, शाळेतल्या रिकाम्या जागा, पीकविम्याची शेवटची तारीख, हे दूरच्या मोठ्या पेपरात कोण छापणार? म्हणून आमचं सांगणं एवढंच. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं एकीने पेपर मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. गावातली अडचण असेल, तर गटाच्या नावाने पत्र लिहून संपादकाकडे पाठवावं. आपण वाचलं, लिहिलं, चार पैसे दिले, तरच आपल्या भाषेतला पेपर टिकेल.