पन्नाशीनंतरचे धावणे : घाई नको, भीतीही नको



पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पायात बूट घालून सकाळी पळायला सुरुवात केली की त्याला दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणतो, "या वयात कशाला, गुडघ्यांची वाट लागेल." दुसरा मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतो, "हे बघा, ऐंशीचे आजोबा मॅरेथॉन पळतात, तुम्हालाच काय होतंय?" पहिला सल्ला भीती घालतो, दुसरा घाई करायला लावतो. आम्हाला दोन्ही अर्धवट वाटतात. या अंकात आपण धावणे तपासून बघू : शरीरात काय घडते, सुरुवात कशी करायची आणि कुठे थांबायचे.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ साली पन्नाशीच्या पुढचे ५०० हून अधिक धावणारे आणि न धावणारे ४०० हून अधिक निरोगी लोक निवडले आणि वीस वर्षांच्या आसपास त्यांचा मागोवा घेतला. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोक मरण पावले होते. उठणे-बसणे, कपडे घालणे, चालणे यांत येणारे परावलंबित्वही धावणाऱ्यांना बरेच उशिरा आले. अर्थात, जो मुळात धडधाकट असतो तोच धावायला निघतो, त्यामुळे हा सगळा फरक एकट्या धावण्याचा असे म्हणता येणार नाही. पण धावल्याने म्हातारपण लवकर येते, या समजाला यातून अजिबात आधार मिळत नाही.

गुडघ्यांचे काय? २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज सुमारे ३.५ टक्के लोकांत आढळली, बसून राहणाऱ्यांमध्ये सुमारे १०, तर स्पर्धेसाठी जीव तोडून धावणाऱ्यांमध्ये सुमारे १३ टक्के. म्हणजे बेताने धावणे गुडघ्याचे वैरी नाही. मात्र ज्यांचा गुडघा आधीच सुजतो, अडकतो किंवा वाकडा झाला आहे, त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवूनच ठरवावे. त्यांच्यासाठी चालणे, सायकल, पोहणे हे तितकेच चांगले व्यायाम आहेत.

"दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?"

हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ओझे उचलणे, झाडलोट, शेतातली वाकून कामे यांत कष्ट आहेतच. पण त्यात कंबर, खांदे, गुडघे तेच ते काम तासन् तास करतात आणि विश्रांती आपल्या हातात नसते. धावताना किंवा भरभर चालताना मोठे स्नायू एका लयीत हलतात, हृदय ठरावीक वेळ वेगाने चालते आणि मग त्याला पुरेसा आराम मिळतो. म्हणून कष्टाचे काम करणाऱ्यांनी धावण्याचा दिवस कामाचा भार कमी असेल तेव्हाचा निवडावा. निवृत्त झालेल्यांनी उलटे लक्षात ठेवावे : वीस-तीस वर्षांची पायपीट नोकरीबरोबर अचानक थांबली की वजन, साखर आणि रक्तदाब एकदम वर सरकू लागतात.

वय वाढते तेव्हा आत काय बदलते?

शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता बसून राहणाऱ्यांत दर दहा वर्षांनी साधारण १० टक्के घटते. नियमित धावणाऱ्यांत ही घट बरीच कमी राहते. तिशीनंतर स्नायूही दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के कमी होतात आणि साठीनंतर वेग वाढतो. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, ताठर होते. म्हणून या वयात पोटरी आणि टाचेमागची दुखणी जास्त. तहान कमी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, झालेली झीज भरून यायला वेळ लागतो. विशीतला मुलगा आज जोरात धावून उद्याही धावतो. आपल्याला मधे एक दिवस, कधी दोन दिवस द्यावेच लागतात.

यातली मेख अशी, की हृदय आणि दम चार-सहा आठवड्यांत सुधारतात, पण कंडरा आणि हाडे घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि पोटरी धरून घरी बसतो. पन्नाशीनंतर फुप्फुसांचे ऐकून नव्हे, पायांचे ऐकून अंतर वाढवावे.

आधी तपासणी

पहिले पाऊल मैदानावर नाही, दवाखान्यात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढे करून घ्यावे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा सिगारेटची सवय, घरात कमी वयात हृदयविकार, चढ चढताना छातीत जडपणा, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना ट्रेडमिलवरच्या चाचणीबद्दल जरूर विचारा. जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयात यातल्या बहुतेक तपासण्या कमी खर्चात होतात. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा, धावणे नंतर.

बारा आठवड्यांचा क्रम

आठवडा १ व २ : आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे भरभर चालणे. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी १० मिनिटांपासून सुरू करावे आणि याच टप्प्यावर हवे तितके आठवडे राहावे.

आठवडा ३ व ४ : आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. ५ मिनिटे चालणे, मग १ मिनिट हळू पळणे आणि २ मिनिटे चालणे असे ८ वेळा, शेवटी पुन्हा ५ मिनिटे चालणे.

आठवडा ५ व ६ : २ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे, ६ वेळा.

आठवडा ७ व ८ : ४ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे, ४ वेळा.

आठवडा ९ व १० : ८ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे, ३ वेळा.

आठवडा ११ व १२ : १५ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे, २ वेळा.

प्रत्येक टप्प्यात आधी आणि शेवटी ५ मिनिटे चालणे कायम. एखादा टप्पा जड गेला तर तोच पुन्हा करा. पळता पळता चालणे यात कमीपणा मुळीच नाही. जेफ गॅलोवे या ऑलिंपिक धावपटूने हीच पद्धत जगभर रूढ केली आणि तिने हजारो लोक मॅरेथॉन पूर्ण करतात.

वेग किती असावा?

'२२० वजा वय' हे नाडीचे सूत्र सगळीकडे सांगितले जाते. ते सरासरीचे आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठांची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी लावलेली, १ जून! खरे वयच ठाऊक नसेल तर सूत्र काय करणार? मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही नाडी मंद राहते. त्यापेक्षा सोपी कसोटी : पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. त्यांचा रोजचा सराव मात्र घराजवळच्या दफनभूमीत दोन-दोन, तीन-तीन तास संथ धावण्याचा होता. आपण त्यांचे तास उचलायचे नाहीत, त्यांचा संथपणा उचलायचा.

ज्यांना ३० मिनिटे सलग धावता येते आणि १० किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉनची इच्छा आहे, त्यांनी आठवड्यात तीन किंवा चारच दिवस धावावे. त्यात एक लांब पण संथ धाव असावी आणि ती दर आठवड्याला एखाद्या किलोमीटरनेच वाढवावी. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून शरीराला उसंत द्यावी. वेगाचा सराव आठवड्यातून एकदा पुरे, तोही पाया पक्का झाल्यावर. अर्धमॅरेथॉनसाठी त्यापुढे आणखी सहा महिने तरी हातात ठेवा.

ताकद आणि तोल

नुसते धावून स्नायू टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगितला आहे. त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल राखण्याचा सराव सांगितला आहे. त्यासाठी जिमची गरज नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे. भिंतीला धरून टाचा उचलणे आणि सावकाश खाली आणणे. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे. भिंतीला रेटून जोर काढणे. दात घासताना एका पायावर उभे राहणे. पंधरा-वीस मिनिटांत हे होते.

खाणे, पाणी, औषधे

स्नायू बांधायला प्रथिने लागतात. निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ती महागड्या डब्यातूनच मिळतात असे नाही. अंडी, सुकट-बोंबील, चिकन, डाळ, मटकी, शेंगदाणे, दही-ताक हे सगळे चालते, फक्त प्रत्येक जेवणात थोडे थोडे असावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी धावण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय निघू नये. खिशात साखरेची पुडी आणि नाव, घरचा फोन, आजार लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. मधुमेह्यांनी अनवाणी कधीच धावू नये. परतल्यावर पायाचे तळवे रोज पाहावेत, कारण पायाची जाणीव कमी झाली की फोड कळतच नाही.

एक सवय मात्र ताबडतोब सोडा : पाय दुखू नये म्हणून धावण्याआधी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणे. घामाने पाणी कमी झालेले असताना ही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि वेदना दाबली गेल्याने दुखापत वाढते.

उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी परतावे. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. पाणी जवळ ठेवावे, पण उगाच लिटरच्या लिटरही पिऊ नये, त्याने रक्तातील मीठ घटते. ताप असताना धावू नये. डेंग्यू, चिकुनगुनियानंतर सांधे पूर्ण मोकळे होईपर्यंत चालण्यावरच राहावे.

बहिणींसाठी

पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे वेगाने ठिसूळ होतात. भरभर चालणे, धावणे आणि ताकदीचे व्यायाम हाडांना आधार देतात. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर, पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावरील चित्रपटात त्यांनी स्वतः भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांची जिद्द घ्यावी. अनवाणी पाय ही मात्र त्यांची अडचण होती, आपल्यासाठी ती शिकवण नाही. बूट साधा चालेल, पण बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. साडीत, सलवारीत, जसे सोयीचे तसे चाला. लोक काय म्हणतील याची धास्ती एकटीला जास्त वाटते. विहाराच्या दारात चौघीजणी जमल्या की ती निम्मी होते. आणि सकाळचा तो अर्धा तास मिळावा म्हणून चहा-डब्याचे काम घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावे.

कधी थांबायचे?

दुखणे दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी गेले असेल तर हरकत नाही. दुखण्याने चाल बदलत असेल, सूज येत असेल किंवा हाडावर एका जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर थांबा आणि दाखवा.

छातीत दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही झाले तर तिथेच थांबा. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. स्त्रियांना आणि मधुमेह्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. लगेच १०८ ला फोन करा. सोबतचा माणूस कोसळला आणि श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. धावणाऱ्या प्रत्येक गटाने हे एकदा शिकून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे.

फौजा सिंग यांनी २००० साली, त्यांच्या सांगण्याप्रमाणे वयाच्या ८९ व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन पूर्ण केली आणि २०११ मध्ये शंभराव्या वर्षी टोरंटोची. जन्मदाखला नसल्याने गिनेसने त्यांचा विक्रम नोंदवला नाही. आपल्याला विक्रम नकोच आहे. सत्तरीत स्वतःच्या पायांनी बाजारात जाता यावे, नातवंडामागे चार पावले पळता यावे, जिना चढताना कुणाचा हात धरावा लागू नये, एवढे साधले तरी खूप. त्यासाठी या आठवड्यात दोनच गोष्टी करा : रक्तदाब-साखर तपासून घ्या, आणि सोबतीला एक माणूस शोधा. चालायला तर उद्यापासूनच लागा.