चाकांवरच्या घरातली हत्यारं

अमेरिकेत अनेक जण निवृत्तीनंतर राहतं घर विकून मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला जातात. मग प्रश्न पडतो, हत्यारं कोणती न्यायची? गाडी किती सामान पेलेल, ते गाडीतल्याच पट्टीवर लिहिलेलं असतं. १०० लिटर पाणी भरलं, की त्यातले १०० किलो गेलेच. ओझं जास्त झालं, तर टायर फुटायची भीती. म्हणून ज्यावाचून वाटेत अडेल, तेच आधी घ्यावं: हवा मोजायचं गेज, चाकांच्या नटांचा पाना, १२ व्होल्टचे फ्यूज, मल्टिमीटर, पक्कड, विजेरी. रंधा, मोठी करवत मुलांकडे ठेवावी. वडिलांचा हातोडा मात्र जरूर न्यावा. ठोकायला एक लागतोच.